दोर कोण धरणार ते आधी ठरवा

प्रश्न: फ्रान्समध्ये कालव्यातून आठवडाभर बोटीने फिरायचं मनात आहे. आम्ही दोघं साठीच्या आसपास, दोघांनाही पोहता येत नाही. बोट स्वतः चालवायची घ्यावी की खलाशी-स्वयंपाक्यासकट? खर्च किती येतो? आणि आठवडाभर कंटाळा येत नाही का?

उत्तर: बोट चालवणं जमेल हो, त्यात काही नाही. परवाना लागत नाही, निघायच्या आधी तासाभरात सगळं शिकवतात, आणि ताशी आठ किलोमीटरच्या वर न्यायची परवानगीच नाही. काठावरच्या वाटेनं सायकलवाली पोरं तुम्हाला मागे टाकून जातात. अवघड आहे तो दोर. तो कोणाच्या हातात राहणार हे घरातून निघायच्या आधी ठरवा, जमलं तर लिहून घ्या. आमच्याकडे ठरलं नव्हतं, म्हणून आज तुमचा प्रश्न दिसल्यावर कुकर बंद करून लिहायला बसले.

आम्ही गेलो सप्टेंबर २०१९ मध्ये. लेक आणि जावई तुलूझला असतात, दोघंही विमानांच्या कामात, तिथे मराठी पोरं बरीच आहेत. कालवा तोच, कनाल दु मिदी. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाडीपर्यंत २४० किलोमीटर. कास्तेलनोदारीला बोट घ्यायची, आठवड्याने ओंप्सला सोडायची, मधलं अंतर साधारण ८० किलोमीटर. गाडीने दीड तासही लागत नाही.

माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी पाटाच्या कडेनं हिंडले आहे, दार किती उघडलं की किती पाणी जातं हे त्यांच्या तोंडून ऐकत. त्यामुळे बोटीत बसायच्या आदल्या दिवशी जावयांनी नोरूझला नेलं तेव्हा मला पॅरिसपेक्षा ते आवडलं. बघायला तिथे काही नाही. झाडी, एक जुना वळसेदार पाट, आणि डोंगरातून आलेलं पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती जागा. एक हिस्सा अटलांटिककडे, दुसरा भूमध्य समुद्राकडे. महाबळेश्वरला सावित्री कोकणात उतरते आणि कृष्णा आमच्याकडे येते ना, तसंच. फक्त इथे ते माणसानं केलं. रिके नावाच्या माणसानं, आणि तो इंजिनिअरही नव्हता, मिठावरचा कर गोळा करायचा. १६६६ मध्ये राजाचा हुकूम निघाला, बारा हजारांच्या आसपास माणसं राबली, बायकासुद्धा. यानं पदरचा पैसा घातला, कर्ज करून ठेवलं, आणि १६८१ मध्ये कालवा सुरू झाला त्याच्या काही महिने आधी गेला. बाबा असते तर या माणसाला हात जोडले असते.

आता दोराचं.

कास्तेलनोदारीला मोठा तलाव आहे, त्यात बोटी उभ्या असतात. तलावातून बाहेर पडलं की लगेच सेंट रॉकचं लॉक. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली. आत शिरायचं, मागचं दार बंद होतं, पाणी सोडून देतात, बोट खाली बसते, मग पुढचं दार उघडतं. सेंट रॉकला अशा चार खोल्या एकाखाली एक, जिन्यासारख्या. म्हणजे शिकून बाहेर पडलात की पहिलीच परीक्षा बारावीची.

शिकवणाऱ्या पोरानं एक गोष्ट दोनदा सांगितली होती. खाली उतरताना दोर बांधायचा नाही. काठावरच्या खुंटाभोवती एक वेढा द्यायचा, टोक हातात धरायचं, आणि बोट जसजशी खाली जाईल तसतसा दोर सोडत राहायचं. लेकीनं मराठीतही सांगितलं. हे मान हलवत होते. आमचे हे साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर होते, चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेत, त्यामुळे मान हलवणं ही त्यांची सवय आहे. ऐकलं असा त्याचा अर्थ होत नाही.

वाटणी अशी झाली: चाकावर जावई, पुढचा दोर लेक, मागचा दोर हे. आणि मी? "आई, तू आत बस, चहा टाक." आडावर पोहऱ्यानं पाणी शेंदलेली त्या बोटीवर मी एकटी होते. पोहरा आडात सोडताना दोर हातातून कसा सरकवायचा ते मला कोणी शिकवायला नको होतं. पण बसले आत.

पहिल्या दोन खोल्या नीट पार पडल्या. तिसरीत वारा आला. त्या कालव्यावरच्या लॉकच्या भिंती सरळ नसतात, पोट काढल्यासारख्या बाहेर वाकलेल्या असतात. सुरुवातीला सरळ भिंतींचं एक लॉक ढासळलं, म्हणून रिकेनं कमानीसारखा आकार घेतला, मातीचा दाब पेलायला. भिंतींसाठी उत्तम, बोटीसाठी कटकट. भिंतीला टेकून राहतच नाही ती, फिरायला बघते. यांना ते सहन झालं नाही. दोर घट्ट ओढला आणि बोटीवरच्या लोखंडी खुंटीला पक्की गाठ मारली. निर्धास्त.

मला आत कळलं ते चहाच्या पातेल्यावरून. पातेलं ओट्यावरनं आपोआप सरकायला लागलं. मग मेतकुटाचा डबा. मग लोणच्याची बरणी खाली पडून फुटली. बाहेर येऊन बघते तर मागची डावी बाजू दोराला टांगलेली, बाकीची बोट पाण्याबरोबर खाली चाललेली, आणि हे दोन्ही हातांनी गाठ सोडवतायत. अख्ख्या बोटीचं वजन आलेली गाठ सुटते होय? दोर तारेसारखा ताणलेला, त्यातून करकर आवाज. लेक किंचाळतेय, "बाबा, सोडा, सोडा!" मी आत पळाले, पाव कापायची दातेरी सुरी आणली आणि खुंटीपासून हातभर अंतरावर करवतीसारखी चालवली. पाच-सहा घासांत दोर तुटला, टोक फाटकन काठाकडे गेलं, बोट धप्पकन बसली. कपबश्या गेल्या. यांचं ढोपर आपटलं. बाकी कोणाला काही नाही.

लॉकवर एक तिशीतली बाई होती. ती यांना एक शब्द बोलली नाही. खाली वाकून नवा दोर घेतला, खुंटाभोवती वेढा दिला आणि टोक माझ्या हातात दिलं. माझ्या. तिथनं ओंप्सपर्यंत चाळीसच्या वर खोल्या उतरलो, मागचा दोर प्रत्येक वेळी मीच धरला.

यांचं म्हणणं वेगळं आहे. ते गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला सांगतात की बोट आपटली ती सुरीमुळे. बाईनं पाणी सोडणं थांबवलं होतं, परत भरलं असतं, बोट वर आली असती, गाठ आपोआप सैल झाली असती, दोरही वाचला असता. कंपनीनं अनामतीतून दोराचे ६० युरो कापले, ते ते माझ्या खात्यावर धरतात. मी बँकेत कॅशिअर होते, पावती जपून ठेवली आहे, पण त्या पावतीवर कोणामुळे हा रकानाच नाही.

तर तुम्ही विचारलंत कंटाळा येतो का. ज्याला दिवसाला दोन शहरं "करायची" असतात त्याला येईल. दुपारी जेवणाच्या वेळी लॉक तासभर बंद, म्हणजे बंद. दारापाशी पोचलात आणि साडेबारा झाले तर खुंट ठोकून बसा, ब्रेड-चीज खा. मला ते फार आवडलं. कारखान्यात भोंग्यावर जगलेल्या माणसाला पहिले दोन दिवस सुचेना, मग तेही काठावर गवतात घोरायला लागले. प्विशेरिकच्या अलीकडे एग्वी नावाचं लॉक आहे, तिथल्या लॉकवाल्यानं भंगारातून हलणाऱ्या-नाचणाऱ्या आकृत्या केल्या आहेत. तिथनं यांना उठवायला आम्हाला दीड तास लागला. कार्कासोनचा किल्ला बघाच, पण संध्याकाळी, गर्दी उतरल्यावर. कास्तेलनोदारीचं कासूले म्हणजे पांढऱ्या राजम्यासारख्या दाण्यांची घट्ट उसळ, आत बदक आणि सॉसेज. मी दाणे खाल्ले, जावयांनी बदक.

सावलीचे फोटो बघून जात असाल तर थोडं सांभाळून. दोन्ही काठांना चिनारच्या जातीची मोठी झाडं होती, ४२ हजारांच्या घरात. त्यांना बुरशीचा रोग लागला, कालव्यावर तो २००६ मध्ये सापडला आणि लागलेली झाडं तोडून जाळण्याशिवाय इलाज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती बुरशी आली असं मानतात. काही पट्ट्यांत नुसती खोडं आणि काठीएवढी नवी रोपं. उन्हाळ्यात तिथे डोकं तापतं, टोपी न्या.

कालव्याकाठच्या ट्रेब गावाचं सांगायलाच हवं. आम्ही निघालो त्याच्या महिनाभर आधी आमच्या सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागात दिरांच्या घरात पहिल्या मजल्याला पाणी लागलेलं. आता कसली बोट आणि कसलं फिरणं असं मला वाटत होतं. जाऊबाईंनी हाकलून पाठवलं. ट्रेबला उतरून पाव आणायला गेले तर एका भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर मातकट रेघ. दुकानातल्या आजींनी खुणेनं सांगितलं, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ओड नदी आली ती. मी मोबाईलवर दिरांच्या घराची रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, दोन बोटांनी मोठी करून बघितली, आणि पावाचे पैसे घेतले नाहीत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

खर्च. आम्हाला चौघांच्या बोटीला आठवड्याचे सुमारे २,१०० युरो पडले. डिझेल इंजिनच्या तासांवर वेगळं, सायकली वेगळ्या, अनामत वेगळी. जुलै-ऑगस्टला भाव चढतो आणि लॉकपाशी रांग लागते, मे-जून किंवा सप्टेंबर बघा. हिवाळ्यात कालवा बंद असतो. खलाशी, स्वयंपाकी, वाईन, सगळं हातात देणारी मोठी बोट हवी असेल तर माणशी चार-पाच हजार युरोंच्या पुढेच धरा. माझं विचाराल तर ते पैसे देऊन खुर्चीत बसणं आहे. खुर्ची घरी आहे.

पण हेही सांगते, तुम्ही दोघंच असाल तर माझं ऐकू नका. एक जण चाकावर गेला की दोन्ही दोर दुसऱ्याच्या अंगावर येतात, आणि त्यात काठावर चढउतार. गुडघ्यांची तक्रार असेल तर खलाशीवालीच घ्या, नाहीतर तिसरा-चौथा माणूस न्या. पोहता येत नाही याची लाज बाळगू नका, लॉकमध्ये लाइफ जॅकेट घाला. दोघांनाही हातमोजे हवेत, बागकामाचे जाड. आणि ज्याला कधी कोणी "हे असं नाही" म्हटलेलं नाही अशा माणसाच्या हातात दोर देऊ नका, तो कितीही मोठा इंजिनिअर असो.

लेकीचं म्हणणं, मी सुरी आणायला आत पळाले तेव्हाच त्या बाईनं बटण दाबलं होतं आणि पाणी थांबलं होतं. मला ते दिसलं नाही, माझी पाठ होती. असेल. यांना मी हे सांगितलेलं नाही, आणि हे ही साईट वाचत नाहीत.

दोराचे पैसे कापले म्हटल्यावर दोन्ही तुकडे मी मागून घेतले. मोठा गॅलरीत बांधलाय, त्याच्यावर टॉवेल वाळतात. धाकटा हातभर आहे, खुंटीवरनं काढलेला, यांच्या गाठीसकट. ती अजून सुटलेली नाही. मी पकडीनंही प्रयत्न करून बघितला.