कारवान कुत्र्याच्या बरगड्या आणि शेजाऱ्याचे अर्ज

ताई, तुमचं सगळं वाचलं. लातूरला स्वतःचं रो-हाऊस, तीन वर्षांचा कारवान, आणि दिवाळीपासून त्याच्यावर कुणाचे तरी अर्ज. महापालिकेत, पोलीस ठाण्यात, पशुसंवर्धन खात्यात. मजकूर तोच: कुत्र्याला उपाशी ठेवतात, बरगड्या मोजून घ्या, दिवसभर कोंडतात, रात्रभर भुंकतं, चावरं आहे. दरवेळी माणूस येतो, बघतो, काही निघत नाही, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा नवा अर्ज. तुमचे मिस्टर म्हणतात, कटकट नको, गावाकडं शेतात सोडून येऊ. तुम्ही विचारलंय की त्या माणसाला धडा कसा शिकवायचा.

मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. असे अर्ज खिशात घालून लोकांच्या दारात जाणारा माणूस मीच होतो, म्हणून त्या बाजूनं सांगतो. धडा शिकवायचं तूर्त डोक्यातून काढा. अर्ज करणाऱ्याशी भांडून अर्ज थांबत नाहीत. प्रत्येक अर्ज लेखी निकाली निघाला आणि त्याची प्रत तुमच्या हातात आली, की हळूहळू तुमची फाइल जाड होते आणि त्याच्या शब्दाची किंमत उतरते. आज नेमकं उलटं चाललंय. साहेब येतात, तोंडी 'काही नाही हो, सांभाळा' म्हणून जातात, आणि पुढचा अर्ज गेला की तिथला नवा माणूस शून्यापासून सुरुवात करतो.

आधी बरगड्यांचं बघू, कारण तक्रारीचा सगळा जोर त्यावर आहे आणि बघणारा फसतो तोही तिथंच. कारवान म्हणजे शिकारी, पळणारं कुत्रं. आपल्या भागात, लातूरकडं तर विशेष, पिढ्यानपिढ्या पाळलं जातं. लांब केसांचं असलं की पश्मी म्हणतात. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय, अंगावर चरबी नाही, केस आखूड. त्याच्या मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं निरोगी असतानाही दिसतात. ज्यानं आयुष्यभर लॅब्राडोरच पाहिलाय त्याला हे कुत्रं दुष्काळातून आल्यासारखं वाटणारच. उलट, बरगड्या झाकल्या जातील एवढा कारवान फुगवला तर त्याचे सांधे आणि दम दोन्ही जातात. अर्जाच्या भीतीनं त्याला जास्तीचं खाऊ घालू नका. एका घरानं तसं केलेलं मी पाहिलंय. कुत्रं ढब्बू झालं आणि पुढचा अर्ज आला, 'फिरवत नाहीत, सुजलंय.'

शरीराची स्थिती मोजायची डॉक्टरांची पट्टी १ ते ९ अशी असते. ४-५ म्हणजे ठीक, १-२ म्हणजे खरंच उपासमार. बरगड्यांवरून हात फिरवतात, कमरेचा आकार वरून बघतात, मांडीचं मांस चाचपतात. उपाशी कुत्र्याच्या मांड्या आत गेलेल्या असतात, डोक्यावरचं मांस बसलेलं असतं, केस राठ होतात. कारवानच्या मांड्या दगडासारख्या लागतात. हा फरक डॉक्टरांनी लेखी दिला की 'बरगड्या दिसतात' या वाक्यातली हवाच गेली.

हा कागद कुठून घ्यायचा हे महत्त्वाचं. माझ्यासारख्या पर्यवेक्षकाची सही चालत नाही, आम्ही पदविकावाले. राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला पदवीधर डॉक्टरच हवा. लातूरला खासगी डॉक्टर चांगले आहेत, पण तुमच्या जागी मी असतो तर एकदा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कुत्रं नेलं असतं. सरकारी महाविद्यालयाचा केसपेपर समोर ठेवला की कुणी 'तुमचाच ओळखीचा डॉक्टर' म्हणू शकत नाही. त्यात जात, वय, वजन, ९ पैकी स्थिती, दात, कातडी, नखं, पायाचे तळवे, गळ्याला पट्ट्याचा वण आहे की नाही, हे सगळं लिहून मागा. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात जनावरांचे पाच हक्क मान्य केलेत: भूक-तहान नसणं, गैरसोय नसणं, दुखणं-आजार नसणं, भीती नसणं, आणि आपल्या स्वभावाप्रमाणं वागता येणं. डॉक्टरांना विनंती करा, या पाच मुद्द्यांवर एकेक ओळ लिहा म्हणून. एरवी 'कुत्रे निरोगी आहे' एवढंच लिहून मिळतं आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. वजन मात्र दर महिन्याला करा, दवाखान्यातल्याच काट्यावर, आणि लस-पुस्तिकेत नोंद करून घ्या.

लस-पुस्तिकेबद्दल एक गोष्ट. आम्ही पुस्तिका उघडली की तारखेच्या आधी स्टिकर बघायचो. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर काढून पानावर चिकटवलेलं असतं, त्यावर सही आणि शिक्का येतो. नुसती पेनानं लिहिलेली तारीख असेल तर मनात शंका येतेच. रेबीजची लस दरवर्षीची. एकही साल चुकू देऊ नका. लातूरला महापालिका आहे, तेव्हा तिथं कुत्र्याच्या नोंदणीचं विचारून तीही करून घ्या. जंताचं औषध, नसबंदी केली असेल तर तिचा कागद, सगळं एका पिशवीत.

आता कायदा, कारण पोलिसाचं नाव आलं की घरातले घाबरतात. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११(१) मधली तुमच्या अर्जात येणारी तीन पोटकलमं अशी: (च) म्हणजे अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, (छ) म्हणजे कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, आणि (ज) म्हणजे पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, १९६० चेच रुपये. शिवाय ही तिन्ही अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला भरला नाही तर तो भरता येत नाही. 'दोन वर्षांपासून छळ चालू आहे' असं अर्जात असलं तरी जुन्या गोष्टींवर खटला उभा राहत नाही.

पण १० रुपये दंड म्हणून निर्धास्तही राहू नका. याच कायद्याच्या कलम ३४ नुसार शिपायापेक्षा वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला गुन्हा होतोय असं वाटलं, तर तो जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमोर नेऊ शकतो. खरी भीती ही एवढीच, आणि तिच्यावर उतारा तोच. तपासणी ज्या डॉक्टरांकडून व्हायची, ती आधीच झालेली असली आणि कागद ताजा असला, की अधिकाऱ्याला तसं वाटायला जागा उरत नाही. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नवा कागद घ्या. वर्षापूर्वीच्या दाखल्यावर कुणी विश्वास का ठेवावा?

'चावरं आहे' हा आरोप जरा वेगळा. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा हे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. तेव्हा तो हसण्यावारी नेऊ नका. कुत्रं चावलेला माणूस रेबीजची लस घेतोच, आणि सरकारी दवाखान्यात त्याचा केसपेपर निघतो. जबाबात एकच वाक्य लिहा: कुणाला, कधी चावले, त्याचा केसपेपर दाखवावा. आणि दाराबाहेर पट्टा, कायम. गल्लीत रात्री कुणी नाही म्हणून दोन मिनिटं मोकळं सोडणं बंद. कारवान एकदा मांजरामागं सुटला की हाकेला थांबत नाही, आणि मग खोट्या अर्जाला खरा साक्षीदार मिळतो.

चौकशीला माणूस आला की ओळखपत्र बघा, पाणी द्या, आत घ्या. दारातच वाद घालणाऱ्या घराबद्दल आमच्या मनात आधीच गाठ बसायची. अर्ज वाचायला मागा. कुत्रं, त्याची झोपायची जागा, पाण्याचं भांडं, खाण्याचा डबा दाखवा, पिशवीतले कागद एकेक पुढं करा. बोलताना शेजाऱ्याचं नाव तोंडातून काढू नका, संशय असला तरी. पंचनामा किंवा जबाब वाचल्याशिवाय सही नको. काही सुटलं असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा. आणि शेवटी विचारा, अहवाल कोणत्या जावक क्रमांकानं जाणार? हा प्रश्न विचारणाऱ्याचा अहवाल सहसा तोंडी राहत नाही.

मग माहितीचा अधिकार. आतापर्यंतच्या प्रत्येक कार्यालयाला वेगळा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत असावा असा नियम आहे, तेव्हा रामायण लिहू नका. तक्रार अर्जाची, पाहणी अहवालाची आणि अर्ज निकाली काढल्याच्या टिपणीची साक्षांकित प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. तक्रारदाराचं नाव झाकून देतील, देऊ द्या. तुम्हाला हवंय ते शेवटचं वाक्य: 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, अर्ज दप्तरी दाखल.'

अशा दोन-तीन प्रती जमल्या की तिन्ही कार्यालयांच्या प्रमुखांना एक पत्र, प्रती जोडून: एकाच आशयाच्या तक्रारी वारंवार येत आहेत, प्रत्येक वेळी तथ्य आढळलेले नाही, यापुढे नवीन अर्ज आल्यास सोबतचे अहवाल पाहून निर्णय व्हावा. बारनिशीत, म्हणजे आवक टेबलावर, देऊन पोच घ्या. याच पत्रात न्याय संहितेच्या कलम २१७ चा उल्लेख करा. दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. पण तुम्ही स्वतः थेट कोर्टात जाऊन हे कलम लावू शकत नाही. ज्या अधिकाऱ्याची दिशाभूल झाली, त्यानं किंवा त्याच्या वरिष्ठानं लेखी तक्रार करावी लागते, आणि अधिकारी सहसा त्या भानगडीत पडत नाहीत. तरी उल्लेख करा. पुढच्या अर्जावेळी साहेब अर्जदाराला समोर बोलावून 'हे कलम माहीत आहे का?' एवढं विचारतात, आणि बऱ्याच जणांचा उत्साह तिथंच संपतो.

गल्लीत उभं राहून भांडू मात्र नका. आवाज चढला, कुणी ११२ ला फोन केला, की पोलीस दोघांनाही बसवतात आणि दोघांवर प्रतिबंधक कारवाई करतात. लोक अजून जुन्या कलमावरून 'एकशेसात' म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झालंय. शांततेच्या बंधपत्रासाठी तहसीलच्या चकरा मारताना अर्ज खरा होता की खोटा, हे कुणी विचारत नाही.

आता न आवडणारी गोष्ट. चार खोट्या वाक्यांत एखादं खरं असू शकतं. तुम्हीच लिहिलंय की पहाटे दूधवाला आला की तो भुंकतो. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्र, आणि दूधवाला पाचला येतो. दुधाची पिशवी फाटकाला अडकवायला सांगा, कुत्र्याला त्या वेळी आतल्या खोलीत ठेवा. एक कॅमेरा आपल्याच अंगणाकडं तोंड करून लावा. शेजाऱ्याच्या दाराकडं वळवला की तक्रारीला नवा विषय मिळेल. विष्ठा उचलायची पिशवी हातात दिसू द्या. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री उशिरा फिरवता, म्हणून दिवसा कुणी बघत नाही आणि 'कोंडतात' म्हणतात. वैशाखात आपल्याकडच्या डांबरावर दुपारी कुत्रं काढणं हाच छळ आहे. फिरवण्याच्या वेळा डॉक्टरांच्या कागदात सल्ला म्हणून लिहून घ्या.

आणि जरा आठवा, दिवाळीच्या आसपास काय झालं होतं? अशा अर्जांत कुत्रं बहुतेक वेळा निमित्त असतं. खाली असतं ते कंपाउंडच्या भिंतीचं, गाडी लावण्याचं, नाही तर नळाला पाणी आल्यावर लावलेल्या मोटारीचं. ते सापडलं तर गल्लीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घालून मिटवा, कुत्र्याचा विषयही न काढता. माझ्या पाहण्यातले कितीतरी अर्ज असे मिटलेत, कलमांपेक्षा लवकर.

मिस्टरांना सांगा, शेतात सोडणं हा तोडगा नाही. उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हे त्याच कलम ११ मध्ये बसतं. आज खोटी असलेली तक्रार त्या दिवशी खरी होईल, आणि ती करणारा तयारच बसलाय. शिवाय घरात गादीवर झोपलेला कारवान शेतातल्या आखाड्यावर कुणाच्या भरवशावर सोडणार? सालगडी त्याला लस द्यायला नेणार आहे का?

शेवटचं, आणि हे आजपासून. अर्ज चालेनासे झाले की काही माणसं अंगणात खायला टाकतात. बाहेरचं खायचं नाही ही शिकवण घरच्या सगळ्यांनी मिळून द्या, फिरवताना जाळीचा मुसका घाला, रात्री कुत्रं आत. लाळ, थरथर, उलटी दिसली तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना, आणि उलटी डब्यात भरून सोबत न्या. जनावराला विष घालणं न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, पाच वर्षांपर्यंत कैद. त्यासाठी मात्र अर्जाची वाट बघायची नाही, सरळ एफआयआर.

या आठवड्यात उदगीर आणि माहिती अधिकाराचे अर्ज, एवढंच करा. १५० शब्दांत बसवायला अडचण आली तर मजकूर इथं टाका, मी कापून देतो; फक्त तुमचा पत्ता आणि त्या गृहस्थांचं नाव खोडून.