दागिने तारण, पण कुणाच्या परवानगीने?

प्रश्न : माहेरून मिळालेल्या पाटल्या आणि सासूबाईंनी लग्नात घातलेला हार माझ्या यजमानांनी मला न विचारता तारण ठेवून दुकानासाठी कर्ज काढले. विचारले, तर ‘लग्नानंतर तुझे-माझे कसले?’ असे म्हणतात. मला संसार मोडायचा नाही. पण या दागिन्यांवर माझा हक्क आहे का आणि कर्ज थकले तर माझ्या पगारातून वसूल होईल का? — एक वाचक

उत्तर : दोन्ही दागिने तुमचेच आहेत. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी अथवा पतीने स्त्रीला भेट म्हणून दिलेली वस्तू हिंदू कायद्यानुसार तिचे स्त्रीधन ठरते. त्यामुळे हार सासूबाईंनी घातला होता म्हणून तो सासरचा होत नाही. लग्न झाल्याने पती स्त्रीधनाचा सहमालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले, तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, असे याच न्यायालयाने २०२४ मध्येही म्हटले आहे. यजमानांचे ‘तुझे-माझे कसले’ हे वाक्य प्रेमाचे असेलही, पण दुकानाच्या मालकीबाबत ते तसेच म्हणतील का, हे एकदा हसत-हसत विचारून पाहा.

पगाराबाबत निश्चिंत राहा. पतीच्या व्यवसायाचे कर्ज केवळ पत्नी असल्यामुळे तुमच्यावर येत नाही. मात्र सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल, तर वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते. ‘इथे फक्त एक सही कर’ असे म्हणून पुढे सरकवलेल्या कागदांवर घरोघरी न वाचता सह्या होतात, म्हणून कर्जाची कागदपत्रे मागून घ्या आणि आपले नाव कुठे कोणत्या नात्याने आले आहे ते तपासा.

स्त्रीधन परत मिळवण्यासाठी घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली (२००५) दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संमतीशिवाय त्याची विल्हेवाट लावणे हा या कायद्यात आर्थिक छळ मानला जातो आणि अर्ज करण्यासाठी घर सोडावे लागत नाही. विश्वासघाताची फौजदारी तक्रारही शक्य आहे, परंतु तुमच्या परिस्थितीत ती पहिली पायरी असू नये, असे मला वाटते. आधी यजमानांकडून दागिन्यांचे वर्णन, वजन आणि ते सोडवून परत देण्याची मुदत लिहून सहीनिशी घ्या. सराफाच्या पावत्या, लग्नातील फोटो आणि भेटींची यादी असेल तर जपून ठेवा. वाद झालाच, तर वस्तू तुमची होती हे तुम्हालाच दाखवावे लागते.

तारणाच्या पावतीवरची मुदत मात्र आजच पाहा. हप्ते थकले, तर कर्ज देणारी संस्था नोटीस देऊन दागिन्यांचा लिलाव करू शकते आणि ती नोटीस कर्जदाराच्या, म्हणजे यजमानांच्या, नावाने येते, तुमच्या नव्हे.