खाडा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. मेसच्या काकू गेल्या, तुझे दोन महिन्यांचे पैसे राहिलेत, पूर्वपरीक्षा तोंडावर आहे, तर त्यांच्या मुलाच्या खात्यावर रक्कम टाकली तर चालेल का, असं विचारतोस. टाक की. पण तेवढ्यावर सुटलास असं समजू नकोस. जाऊन ये.

आणि 'तिथं मला कोण ओळखतं' हे परत लिहू नकोस. १९८७ साली मीही हेच म्हणालो होतो.

लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत मावशीची खाणावळ होती. पंधरा-वीस गिरणी कामगार, पाळीप्रमाणे पंगती. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची. तरी आमचं ताट कधी झाकून ठेवलेलं नसे, स्टोव्हला पंप मारून आमटी उकळूनच वाढायची. ती मालवणकडची, मी घाटावरचा बदली कामगार. भातानं माझं भागत नाही हे मी बोललो नव्हतो. आठव्या दिवशी तिनं ज्वारी दळून आणली. तिची भाकरी तव्यावर तुटायची, आणि वाढताना तीच ओशाळायची. (अखंड भाकरीचं मला अजून कौतुक नाही.)

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले हे तुझ्या पुस्तकात असेल. त्यांना वाढणाऱ्या बायकांचं काय झालं ते प्रश्नपत्रिकेत येत नाही. या बायका सावकाराच्या व्याजातून सुटाव्यात, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. मावशीची मोठी पातेली त्या कर्जातली. आता गिऱ्हाईकच कफल्लक, आणि हप्ता डोक्यावर. तरी दिवाळीपर्यंत मी दोन्ही वेळा तिच्याकडेच जेवलो. मग गावी गेलो, पुढं ठाण्याला नोकरी लागली.

ती गेल्याचं पोस्टकार्ड आलं, मी गेलो नाही. रजा मिळाली नसती. मागितली नव्हती, पण मिळाली नसतीच. सुपरवायझर तसलाच होता. शिवाय रिकाम्या हातानं कसं जायचं? पैसे जमवून जाऊ म्हटलं. घरभाडं, धाकटीचं लग्न... कारणं खोटी नव्हती रे. खरी होती म्हणूनच तर चार वर्षं पुरली.

चार वर्षांनी पाकीट घेऊन गेलो. सुनेनं माळ्यावरून वही काढली. मावशीला लिहिता येत नसे. माणूस जेवला की उभी रेघ, खाडा झाला की शून्य. माझ्या पानावर फेब्रुवारीपासून दिवाळीपर्यंत शून्यंच शून्यं. रोज दोन वेळा जेवलेल्या माणसाचे नऊ महिने खाडे! सून पाकिटाला हात लावेना. वहीत बाकीच नाही, घेऊ कशाचे, म्हणाली. तिचं रडून केव्हाच झालं होतं. मीच एकटा उशिरा रडायला आलेला, आणि ती बिचारी माझ्यासाठी चहा टाकत होती.

म्हणून सांगतो, जाऊन ये. अभ्यासाचा एक दिवस बुडेल, बुडू दे. दहाव्याला जमलं तर उत्तम, नाहीतर बाराव्याला, महिन्यानं नको. मुलाला पैशांचं नंतर सांग, आधी त्या तुम्हा पोरांना काय काय वाढायच्या ते सांग. तो त्या मेसमध्ये पोरांच्या पंगतीला कधी बसला असेल? आणि जेवायला थांब म्हणाले, तर परीक्षेचं नाव काढू नकोस. बस ताटावर.

तुझा,
काका