कॅज्युअल्टीतली चूक की निष्काळजीपणा? केसपेपरवरच्या वेळा बघा

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे. रात्री छातीत जळजळ, दरदरून घाम. दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात घरी पाठवलं. पहाटे गेले. याला निष्काळजीपणा म्हणायचा का? (एक वाचक, कागल)

उत्तर : फार वाईट झालं. आधी केसपेपर बघा. ईसीजी काढला होता का, आणि किती वाजता? या वयात छातीत जळजळ आणि घाम म्हटल्यावर, आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. काढलाच नसेल, तर माझ्या मते डॉक्टरांना बाजू मांडणं अवघड जाईल. काढला आणि नॉर्मल आला, तरी तेवढ्यावर घरी सोडणं धोक्याचं. अटॅकमध्येही पहिला ईसीजी साफ येऊ शकतो, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारं प्रथिन) वाढायला काही तास लागतात. म्हणून रुग्णाला थांबवून दोन्ही तपासण्या पुन्हा करायच्या असतात.

एवढं करूनही निदान हुकलं असतं, तर ती चूक ठरली असती, निष्काळजीपणा नव्हे. त्या वेळी, हाताशी असलेल्या माहितीवर सर्वसाधारण कौशल्याचा डॉक्टर कसा वागला असता, हे कायदा बघतो. फौजदारी गुन्ह्याला तर फारच गंभीर हयगय लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सांगितलंय. आणि रात्रपाळीला एकटा नवशिका डॉक्टर बसवला असेल, तर दोष त्या पोराच्या एकट्याच्या माथी मारू नका. हॉस्पिटलही जबाबदार आहे.

प्रश्न : गारगोटी रस्त्यावर भावाचा अपघात झाला. खासगी हॉस्पिटलने ‘पोलीस केस आहे, सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) न्या’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. असं करता येतं?

उत्तर : नाही. परमानंद कटारा खटल्यापासून (१९८९) कायदा स्पष्ट आहे : डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. सोय नसेल तर रक्तस्राव थांबवून, श्वास सांभाळून, चिठ्ठी देऊन पुढे पाठवावं. डिपॉझिटसाठी अडवणंही चूकच.

प्रश्न : केसपेपर मागितला तर ‘साहेब आल्यावर बघू’ म्हणतात.

उत्तर : लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे काम दिवसकार्यानंतरवर ढकलू नका, ईसीजीची पट्टी आणि नर्सिंग चार्टही मागा. डिस्चार्ज कार्डात वेळा क्वचितच असतात, त्या चार्टवर सापडतात.

प्रश्न : पोरांनी रागाच्या भरात कॅज्युअल्टीच्या काचा फोडल्या. आता आमच्यावरच केस झालीय.

उत्तर : होणारच. २०१० च्या राज्य कायद्याने हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय आत दुसरा कुणीतरी अत्यवस्थ असतो, त्याचे उपचार थांबतात. तुमची मूळ तक्रार मात्र यामुळे बुडत नाही, ती स्वतंत्रपणे करा.

प्रश्न : दाद मागायची कुठे?

उत्तर : पैसे भरून उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या दवाखान्याविरुद्ध तिथे जाता येत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, आणि सरकारी दवाखान्याने तातडीचे उपचार नाकारले असतील तर उच्च न्यायालयही. त्याचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे, मुंबई गाठायची गरज नाही. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते, पण परिषद भरपाई देत नाही. कुठेही जाण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरला सगळे कागद दाखवून त्याचं लेखी मत घ्या.