विचारा बिनधास्त : चौथा कोर्स घेऊ नका

प्रश्न : ताई, मी नागपूरच्या आयटी पार्कात जावावर वेबचं काम करून राहिलो आहे. मला सिस्टिम्स प्रोग्रामिंगकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम-डेटाबेसच्या पोटातल्या कामाकडे, वळायचं आहे. तीन ऑनलाइन कोर्स घेतले, तिन्ही अर्धवट आहेत. सी भाषा शिकू की रस्ट? पुस्तक कोणतं घेऊ? आठ जीबीचा लॅपटॉप पुरेल का? आणि या कामासाठी पुण्याला जावंच लागतं का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : चौथा कोर्स घेऊ नका, हे आधी.

सी शिका. लिनक्स कर्नलनं (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधला गाभा) ६.१ आवृत्तीत, म्हणजे २०२२च्या डिसेंबरात, रस्टला आत घेतलं खरं, पण तिथला बहुतेक कोड अजून सीमधलाच आहे. रस्ट नंतर घ्या. सीमध्ये मेमरीचे फटके खाल्ले की रस्टचा कंपायलर एवढी कटकट का करतो ते कळतं.

मग फाइलची नक्कल करणारा प्रोग्राम स्वतः लिहा. थेट रीड आणि राइट हे सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला घातलेल्या हाका, वापरा. आधी एकेक बाइट वाचून लिहा, मग ४०९६ बाइटांचे घास घ्या; दोन्ही वेळा घड्याळ लावा आणि एसट्रेस (strace, अशी प्रत्येक हाक ओळीनं दाखवणारं साधन) चालवून बघा. पहिल्या खेपेला रीड-राइटच्या ओळी थांबता थांबणार नाहीत. प्रत्येक ओळ म्हणजे कर्नलपर्यंतचा एक हेलपाटा. नक्कल करणाऱ्या तयार 'सीपी' कमांडवर हा प्रयोग केलात तर मात्र गोंधळाल : कोअरयुटिल्स (अशा कमांडींचा संच) ९.० पासून ती कॉपी_फाइल_रेंज हा कर्नललाच नक्कल करायला सांगणारा कॉल वापरते, त्यामुळे रीड-राइट बहुधा दिसतच नाहीत.

खरी मेख पुढे आहे. राइट यशस्वी झालं म्हणजे मजकूर डिस्कवर गेला असं नाही. तो कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच, असतो आणि लिनक्स तो सवडीनं, अर्ध्या मिनिटानंही, खाली उतरवतं. मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली आणि यूपीएस नसला, की गेलं सगळं. म्हणून जपून लिहिणारा प्रोग्राम आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितो, तिच्यावर एफसिंक (मजकूर आत्ताच डिस्कवर उतरव, असं कर्नलला सांगणं) करतो, मग रिनेम करून तिला खरं नाव देतो, आणि शेवटी डिरेक्टरीवरही एफसिंक. ही शेवटची पायरी भलेभले विसरतात. एफसिंकचं उत्तरही तपासा हो! लिनक्सवर एफसिंक एकदा फसल्यावर पुन्हा केलं तर ते 'झालं' म्हणू शकतं आणि डेटा मात्र गेलेला असतो. २०१८मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या हे लक्षात आलं. आता एफसिंक फसलं की पोस्टग्रेस सरळ कोसळतं आणि लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, स्वतःला उभं करतं.

हे हाताखालून गेलं की एक्सव्ही६ उघडा. १९७५च्या सहाव्या युनिक्सवर बेतलेली, एमआयटीनं शिकवण्यासाठी लिहिलेली ही सिस्टिम. कर्नल दहा हजार ओळींच्याही आत. सगळं वाचत बसू नका. लॉग.सी ही फाइल घ्या, जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे ओळी. त्यातल्या कमिट या फंक्शनमध्ये आधी राइट_लॉग होतं (बदललेले ब्लॉक लॉगमध्ये जातात), मग राइट_हेड (त्या ब्लॉकांची यादी, म्हणजे हेडर, लिहिली जाते). हेडर डिस्कवर पडलं तो क्षण म्हणजे कमिट, बदल पक्का. या दोन ओळींची अदलाबदल करा आणि मधेच मशीन बंद पडलं तर डिस्कवर काय उरेल ते कागदावर मांडा. हे जमलं की डेटाबेसचा राइट-अहेड लॉग (बदल आधी नोंदवहीत, मग मूळ जागी) तुम्हाला परका वाटणार नाही.

पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. एक्सव्ही६चं पुस्तक मोफत आहे. विस्कॉन्सिनच्या आर्पाची-ड्यूसो दांपत्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या पुस्तकाची प्रकरणंही मोफत मिळतात. त्यातली फाइल सिस्टिमची आधी वाचा, क्रम मोडला तरी चालेल.

पुण्याचं म्हणाल, तर स्टोरेज नि कर्नलच्या नोकऱ्या तिकडे आणि बंगळुरूला जास्त आहेत, ते नाकारून उपयोग नाही. पण लिनक्सचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, आजही ईमेलनंच जातात आणि ते त्रिमूर्तीनगरातूनही जातात. नोकरी सोडायची घाई करू नका.

लॅपटॉप बक्कळ झाला. एक्सव्ही६ला क्यूएमूमध्ये (लॅपटॉपच्या आत खोटं मशीन चालवणारा प्रोग्राम) १२८ एमबी मेमरी लागते. जीडीबी (प्रोग्राम थांबवून आत डोकावणारा डीबगर) लावताना त्या खोट्या मशीनच्या सीपीयूंची संख्या एकवर ठेवा, नाहीतर ब्रेकपॉइंट (जिथे थांबायचं ती खूण) भलत्याच कोअरवर लागून डोकं फिरेल.