वाचकांचे प्रश्न : माशीमारांचा गळा नंतर, शेपटीचं बूड आधी

प्रश्न : डिसेंबरात काढलेल्या फोटोत चिमणीपेक्षा लहान, तपकिरी पक्षी आहे. शेपटी उभारलेली, तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. गळ्यावर केशरी अजिबात नाही. ही लाल छातीच्या माशीमाराची मादी समजायची, की त्याच्यासारखाच दिसणारा टायगा माशीमार?

उत्तर : नर-मादीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. टायगाचा प्रौढ नर विणीनंतर गळ्यावरचा केशरी रंग टाकतो आणि हिवाळाभर मादीसारखाच दिसतो. परतीच्या प्रवासाआधी रंग पुन्हा चढतो. लाल छातीच्या माशीमाराचा प्रौढ नर मात्र केशरी रंग वर्षभर टिकवतो, पण त्याचे पहिल्या वर्षाचे नर मादीसारखे असतात. म्हणजे डिसेंबरात कोऱ्या गळ्याचा पक्षी दोन्हींपैकी कुठलाही असू शकतो, आणि नरही असू शकतो. शेपटीचे पांढरे ठिपकेही दोघांना असतात, तेव्हा ते इथे काही ठरवत नाहीत.

आता फोटोत शेपटीचं बूड मोठं करून बघा. पाठ संपते आणि शेपटी सुरू होते तिथे शेपटीला वरून झाकणारी छोटी पिसं असतात. टायगात यातली सर्वांत लांब पिसं कोळशासारखी काळी असतात, शेपटीइतकी किंवा तिच्याहूनही काळी. लाल छातीच्या माशीमारात ती बहुधा तपकिरी असतात आणि शेपटीपुढे फिकी पडतात. तुलना एकाच फोटोतल्या शेपटीशी करायची, आठवणीतल्या काळ्या रंगाशी नाही. फोटो जास्त उजळला असेल तर काळंही तपकिरी दिसतं, पण तेव्हा शेपटीही तेवढीच उजळलेली असते.

फसगत होते ती सावलीमुळे. या पक्ष्याला पंख शेपटीखाली लोंबते सोडायची सवय आहे. तसे सोडले की हा भाग उघडा पडतो आणि तेव्हाचा फोटो उत्तम. पंख मिटून वर असतील तर त्यांच्या टोकांची सावली नेमकी त्याच पिसांवर पडते आणि तपकिरी पिसंही काळी भासतात. म्हणून शेपटी झटकताना सलग आठ-दहा फोटो घ्या आणि त्यातला पाठीकडून आलेला निवडा. समोरून काढलेल्या फोटोवर हा निकाल लागत नाही.

दुसरी खूण चोचीची. लाल छातीच्या माशीमाराच्या खालच्या चोचीचं बूड फिकं, पिवळट-गुलाबी असतं. टायगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी. पोटाकडचा रंगही बघावा, पण शेवटी : टायगा थंड, राखाडी-पांढरा वाटतो, दुसऱ्याच्या छातीवर पिवळट झाक असते. सकाळच्या कोवळ्या उन्हात मात्र सगळेच पिवळट दिसतात. आवाज ऐकला असेल तर उत्तमच. दोघेही कोरडं ‘टर्रर्र’ करतात. लाल छातीच्या माशीमाराचं सावकाश, ठोके सुटे ऐकू येतील असं, टायगाचं इतकं वेगात की किड्याची किरकिर वाटावी.

प्रश्न : माझ्या जुन्या पुस्तकात टायगा नावाचा पक्षीच नाही.

उत्तर : पूर्वी टायगाला लाल छातीच्या माशीमाराचीच उपजात धरत. त्यामुळे जुन्या नोंदींतलं ‘लाल छातीचा माशीमार’ हे नाव दोघांना मिळून असू शकतं. पूर्ण रंगातले नर असतील तर फरक सोपा आहे : लाल छातीच्या माशीमाराचा केशरी रंग गळ्यावरून छातीवर उतरतो, टायगाचा गळ्यापुरताच राहतो आणि त्याच्याखाली राखाडी पट्टा येतो. केशरी भागाच्या दोन्ही कडांना काळी किनार दिसली तर दोन्ही नावं खोडा आणि पुस्तकात काश्मिरी माशीमाराचं चित्र शोधून बघा. दक्षिणेच्या डोंगरांत हिवाळ्यात तो भेटू शकतो.

प्रश्न : टिकेलचा निळा माशीमार आणि निळ्या गळ्याचा माशीमार यांच्यात नेहमी घोळ होतो. पाठ दोघांची निळी, छाती केशरी.

उत्तर : नरांत हनुवटीपासून खाली या. टिकेलचा गळा केशरी आणि छातीचा रंग त्याला सलग जोडलेला. पांढरं पोट सुरू होतं तिथे रेघ स्पष्ट. दुसऱ्याचा गळा गडद निळा, सावलीत थेट काळा दिसणारा, आणि केशरी त्याच्या खालून सुरू होतं. काही नरांत केशरी रंगाची पाचर गळ्यात वर घुसते. तरी गळ्याच्या बाजू निळ्याच राहतात, त्या तपासा. उलट, डोक्यावरच्या उन्हात टिकेलच्या गळ्यावर चोचीची सावली पडते आणि गळा काळपट वाटतो. पक्ष्याने मान वळवेपर्यंत थांबा. माद्यांत तर घोळ व्हायचं कारणच नाही : टिकेलची मादी फिकी का होईना पण निळसर असते, निळ्या गळ्याच्या माशीमाराची मादी वरून तपकिरी, शेपटी तांबूस.

प्रश्न : तपकिरी माशीमार आणि तपकिरी छातीचा माशीमार या दोन साध्या तपकिरी पक्ष्यांत छातीच्या पट्ट्यावरून जात ठरवावी का?

उत्तर : एकट्या पट्ट्यावरून नको, तपकिरी माशीमाराच्या छातीवरही मळकट झाक असतेच. आधी पाय बघा. तपकिरी माशीमाराचे पाय काळे, तपकिरी छातीच्या माशीमाराचे फिके, पिवळट. मग चोच खालून : पहिल्याची बुडाशी फिकी आणि टोकाला काळी, दुसऱ्याची खालची चोच पूर्ण फिकी. पाय आणि चोच जुळले की पांढऱ्या गळ्याच्या कडेची गडद मिशीसारखी रेघ आणि पंखांवरच्या तांबूस कडा शोधा; दोन्ही ठळक असतील तर पक्षी तपकिरी छातीचा. शेपटी आणि तिचं बूड दोन्ही तांबूस असतील, चेहरा मात्र कोराच असेल, तर तो तिसराच, तांबूस शेपटीचा माशीमार. पाय पानाआड असतील तर नोंदीत फक्त ‘तपकिरी माशीमार गट’ लिहा आणि फोटो जपून ठेवा.