दोह्याचं शेख फैसल संग्रहालय : जावं की नाही, आणि गेलात तर काय बघावं

तुमचा प्रश्न असा, की कतारच्या दोह्यात दीड दिवस हातात आहे, इस्लामिक कलासंग्रहालय तर बघणारच आहात, मग वीसेक किलोमीटर गावाबाहेर जाऊन एका शेखांचा खासगी संग्रह बघण्यात काय हशील? वर एकाने 'नुसता जुना बाजार' म्हटलंय आणि दुसऱ्याने 'अजिबात चुकवू नका'. दोघांचंही मला पटतं. मी अकरा वर्षं इथे आहे, पाहुण्यांना घेऊन पाच-सहा वेळा तरी तिथे गेलोय. पहिल्या खेपेला मीही 'जुना बाजार'वाल्या पक्षातच होतो.

समुद्रकाठचं कलासंग्रहालय (२००८, वास्तुकार आय. एम. पेई) म्हणजे निवडून, पाखडून मांडलेला ऐवज. अंधाऱ्या दालनात एक सुरई, तिच्यावर एक दिवा. शेख फैसल बिन कासिम अल थानी राजघराण्यातले, पण पेशाने उद्योजक. आयुष्यभर जमवलेल्या वस्तू त्यांनी १९९८मध्ये अल समरिया इथल्या आपल्या जागेत, किल्ल्यासारख्या इमारतीत लोकांसाठी खुल्या केल्या. तिथे हस्तलिखित कुराणं, तलवारी, जीवाश्म, गालिचे, होड्या आणि शेकडो मोटारी एकाच छपराखाली आहेत. हजारो वस्तू. सगळं बघायचा हट्ट धरलात तर तिसऱ्या दालनात डोकं गरगरायला लागेल. माझं तेच झालं होतं. म्हणून आधीच तीन-चार गोष्टी ठरवून जा आणि बाकीच्यांना खुशाल रामराम करा.

जीवाश्म सोडा. मोटारी मुलं बरोबर असतील तर बघाच, नसतील तर दहा मिनिटं पुरे. (मोटारवेड्या मंडळींनी मला माफ करावं.)

सर्वात जास्त वेळ द्या तो दमास्कसच्या घराला. सीरियातून आणून इथे पुन्हा उभं केलेलं हे घर आहे. आपल्याकडचा वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना ते लगेच कळतं. रस्त्याच्या बाजूला कोरी भिंत, सगळं वैभव आतल्या चौकाकडे तोंड करून. दमास्कसच्या अशा घरांत चौकात कारंजं असतं आणि एका बाजूने पूर्ण उघडी, उंच कमानीची बैठक असते, तिला इवान म्हणतात. लाकडी तक्तपोशी आणि भिंती मात्र अगदी जवळ जाऊन बघा. वेलबुट्टी नुसती रंगवलेली नसते. जिप्समचा लगदा लावून नक्षी आधी उठावात काढायची, मग तिच्यावर वर्ख आणि रंग चढवायचे, अशी ही 'अजमी' पद्धत. समोरून सपाट वाटतं, बाजूने तिरपं पाहिलं की उठाव दिसतो. माझी बायको लहानशी विजेरी घेऊन जाते. रखवालदाराला विचारून उजेड भिंतीला समांतर पाडला की नक्षी जिवंत होते. हे घर मुळात ज्या शहरात होतं तिथे ते आज असायला हवं होतं का, हा विचार डोक्यात येतोच. सीरियात २०११नंतर जे घडलं ते पाहता मला याचं सरळ उत्तर देता येत नाही.

दुसरी गोष्ट किसव्याची, म्हणजे मक्केतल्या काब्यावर चढवतात त्या आच्छादनाची. काळं रेशीम, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेने भरलेली अक्षरं. अक्षरांच्या खाली सुती दोऱ्याचं भरण असतं, म्हणून ती फुगीर दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला प्रश्न पडला होता, की इतकी पवित्र वस्तू खासगी संग्रहात आलीच कशी? उत्तर साधं आहे. किसवा दरवर्षी बदलतात. उतरवलेल्याचे तुकडे करून ते मान्यवरांना, संस्थांना भेट देण्याची जुनी रीत आहे. आता तो मक्केतच विणतात, पण १९६२पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, तो इजिप्तमधून वाजतगाजत यायचा. त्यामुळे जुना तुकडा दिसला तर त्यामागे बहुधा कैरोचे कारागीर असतात.

तिसरी, हस्तलिखितं. इथे एक छोटी युक्ती, कारण खासगी संग्रहांत पाट्या बहुतेक वेळा त्रोटक असतात. अरबी आकडे शिकून जा, अर्धा तास लागतो. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. इथेच सगळे फसतात. लिपी उजवीकडून वाचतात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून. पोथीच्या शेवटी किंवा भांड्याच्या काठावर सन सापडला, की त्या हिजरी (इस्लामी सनाच्या) आकड्याला ०.९७ने गुणून ६२२ मिळवा. ११०० दिसलं तर झाले साधारण १६८९, म्हणजे संभाजीराजांना औरंगजेबाने मारलं ते वर्ष. एवढं जुळलं की काचेपलीकडची वस्तू एकदम आपल्या काळात येऊन बसते. आपल्या मोडी कागदांत 'खमस अशर मया अलफ' (१११५) अशी सालं येतात, ते शब्दही अरबीच (अर्थात तो शुहूर सन, म्हणजे वेगळी कालगणना, त्याचं गणित वेगळं).

अक्षराचं वळणही बघा. सुरुवातीच्या काळातली कुराणं कूफी लिपीत, ठोकळेबाज आणि आडवी पसरलेली, चर्मपत्रावर लिहिलेली. नंतरची बरीचशी गोलसर नस्खमध्ये, कागदावर. तिरकी, लोंबत गेलेली नस्तालीक दिसली तर मजकूर बहुतेक फारसी, कविता वगैरे. इतक्या ओळखीवर तुम्ही पाटी न वाचताही अंदाज बांधायला लागता.

गालिच्यांचं मला फार कळत नाही असं आधी वाटायचं. मग एका जाणत्याने सांगितलं की समोरून बघून वाहवा करायच्या आधी पाठ बघायची. हात लावायचा नाही, पण टांगलेल्या गालिच्याचा एखादा कोपरा वळलेला असतो. हाताने विणलेल्याच्या पाठीवर गाठी थोड्या कमी-जास्त असतात. झालर म्हणजे ताण्याचीच टोकं असायला हवीत, वेगळी शिवलेली दिसली तर एकतर दुरुस्ती झालीय किंवा गालिचा यंत्रावरचा आहे.

नाण्या-नोटांपाशी मी मुद्दाम रेंगाळतो. कतारमध्ये १९६६पर्यंत रुपया चालायचा. आखातातून सोन्याची चोरटी आयात वाढली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९मध्ये या भागासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्यांनी त्याचा नाद सोडला. असली नोट कुठे दिसली तर क्रमांकाआधी 'झेड' हे रोमन अक्षर शोधा. त्याच्याही आधी इथल्या समुद्रातले मोती मुंबईच्या बाजारात जायचे, होड्यांसाठी सागवान मलबारातून यायचा. जपानी कल्चर्ड मोती आणि जागतिक मंदी, या दोन्हींनी १९३०च्या सुमारास तो धंदा बसवला. संग्रहालयातली होडी बघताना हे माहीत असेल तर ती नुसती सजावट वाटत नाही.

आता जाण्यायेण्याचं. मेट्रोची हिरवी मार्गिका अल रिफापर्यंत जाते, मॉल ऑफ कतारच्या दाराशी. तिथून दुखान रस्त्याने टॅक्सी करा. परतीची टॅक्सी तिथे हात दाखवून मिळत नाही. मी एकदा ऑगस्टच्या दुपारी पाऊण तास फाटकापाशी उभा होतो, तेव्हा आलेल्या गाडीलाच थांबायला सांगा किंवा ॲपवरून आधीच ठरवा. शुक्रवारी सकाळ टाळा, आणि निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या. आवारात मशीद आहे, त्यामुळे खांदे-गुडघे झाकलेले कपडे बरे. तिचा मिनार कललेला दिसेल. घाबरू नका, तो मुद्दामच तसा बांधलाय.

क्रम विचारलात तर आधी हे, नंतर समुद्रकाठचं. इथे सकाळी दोन-अडीच तास, मग संध्याकाळी पेईंच्या इमारतीत शांतपणे. उलट केलंत तर इथली वस्तूंची गर्दी बघून तुम्हीही 'जुना बाजार' म्हणाल.